चवथीच्या आधीचं शटर

मोरजीहून फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासहा झाले होते. "शटर अर्ध्यावर अडकलंय. गाडी आत, आणि आम्हाला मोपाला पोचायचंय. दहाचं विमान आहे." माणूस ओरडला नाही, म्हणून जास्त लागलं. शटर माझंच होतं, दोन चवथींमागे, म्हणजे दोन गणपतींमागे लावलेलं.

"टॅक्सी बोलवा," मी म्हटलं, "माझ्या भरवशावर विमान चुकवू नका. आणि आता रिमोट दाबू नका."

"सात-आठ वेळा दाबून झालाय."

गोव्यात, म्हापशाला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शटर, जिन्याचे कठडे, मिळेल ते काम. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यात नवी घरं उठू लागली. प्रत्येकाला गॅरेज हवं आणि गॅरेजला बटणावर उघडणारं दार. मोरजीचं घर त्यातलंच. सपाट पुढा, भरपूर काच, मागे माडांची रांग आणि माडांपलीकडे समुद्र. अडीचशे मीटरही नसेल.

शुक्रवार होता. बाजाराचे टेंपो उतरत होते, त्यातून वाट काढून शिवोलीच्या पुलावरून पोचलो तोवर मंडळी टॅक्सीने निघून गेली होती. चावी वॉचमनकडे होती. शटरची अवस्था बघून माझ्या हेल्परने नुसतं माझ्याकडे पाहिलं. उजव्या बाजूचा चॅनल, म्हणजे शटर ज्या खाचेतून सरकतं ती पट्टी, वरच्या टोकाला भिंतीपासून दोन बोटं सुटलेला, पट्ट्या त्यातून निसटून एकात एक घुसलेल्या, आणि वर मोटर तरीही ओढत राहिलेली. नऊ बाय आठ फुटांचं शटर, म्हणजे ऐंशी किलोंच्या वरचं वजन, एका बाजूला तिरकं लोंबत होतं. असल्या वेळी घाई केली की बोटं जातात. आधी मेन स्विच बंद केला, खालच्या पट्टीखाली दोन टेकू दिले, शाफ्ट साखळीने बांधला आणि मगच ग्राइंडर हातात घेतला. स्वतः लावलेलं शटर स्वतः कापायला अडीच तास लागले.

गाडी बाहेर काढून ठेवल्यावर मी तिथेच फरशीवर बसलो आणि तुकडे बघू लागलो. चॅनल बोटाने पुसला तर चकचकीत. तो ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा, मागचा अँगलही ३०४. घरमालकांना मी तेव्हा छाती फुगवून सांगितलं होतं, "समुद्राजवळ साधं लोखंड मी लावत नाही." आणि स्क्रू? ते साधे, जस्ताचा मुलामा दिलेले. एक स्क्रू पकडीने ओढला तर हातात नुसतं डोकं आलं. डोक्याखालची मान सुतळीएवढी बारीक झालेली, आणि तिच्याभोवती ओल्या चहापत्तीसारखा तपकिरी चिखल.

हे कसं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं, हीच खरी लाज. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल आली की त्यांची बॅटरी होते. एक झिजतो, दुसरा टिकतो. स्टेनलेसजवळ जस्त आणि लोखंड झिजणार. त्यात टिकणारा पत्रा मोठा आणि झिजणारा स्क्रू एवढासा असला की सगळी झीज त्या एवढ्याशावर एकवटते. उलटं केलं असतं, मोठा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि त्याला स्टेनलेसचे स्क्रू, तर बराच काळ निभावलं असतं. पण त्या आठवड्यात मला हवे ते ३१६चे स्क्रू म्हापशात मिळाले नाहीत. मागवले तर चार-पाच दिवस. आणि चवथ तोंडावर. गणपती यायच्या आत घर पुरं हवं, असं मालकांचं म्हणणं, आणि मीही "होईल की" म्हणून मोकळा झालो होतो. नंतर बदलू, असं मनाशी म्हटलं. ते नंतर आलंच नाही.

(३०४ आणि ३१६ मधला फरक डोळ्यांनी दिसत नाही, लोहचुंबकानेही कळत नाही. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, तेच खाऱ्या हवेत कामी येतं. ३१६ म्हणून ३०४ गळ्यात मारणारे बरेच आहेत. मी आता तपासायच्या द्रावणाची बाटली खिशात ठेवतो. एक थेंब टाकायचा आणि रंग बघायचा.)

पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मात्र मी नव्याने शिकलो. पावसाच्या थेट माऱ्यातल्या मधल्या पट्ट्या बऱ्या होत्या, आणि वरच्या खोक्यात गुंडाळून आडोशाला राहणाऱ्या खाल्लेल्या. मला वाटलं होतं उलटं असेल. पण पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला बसलेलं मीठ तिथेच राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि कुरतडत बसतं. म्हणजे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, शटर पूर्ण खाली सोडून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या पाइपने धुवायला हवं, सांध्यांसकट. एवढं साधं वाक्य मी दोन वर्षांपूर्वी त्यांना सांगितलं नव्हतं. मोपाला विमानतळाच्या गेटवर थांबलेल्या घरमालकांना फोन केला, जे होतं ते सांगितलं आणि म्हटलं, नवीन दाराचे पैसे नकोत. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाडीला ओरखडा नाही ना?" नव्हता.

दुपारी मयेच्या बाजूला एक माप घ्यायचं ठरलेलं होतं. जायची इच्छा नव्हती, पण शब्द दिलेला. अस्नोड्यावरून गेलो. डिचोली तालुका, समुद्राचा वारा इथे पुरता गळून येतो. जुनं घर, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे तुळशी वृंदावन. बाजूला मांगर. त्यात एके काळी बैलगाडी आणि नारळ असायचे, आता तिथे मुलाला गाडी ठेवायची होती. मुलगा पुण्याला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेला: राखाडी रंगाचं सेक्शनल डोअर, आडव्या फळ्यांचं, आत चाळीस मिलिमीटर फोम, बटण दाबलं की छताखाली जाऊन झोपणारं. घरात आजी एकट्याच.

मी टेप काढायच्या आधी भिंत बघतो. त्या दिवशी जरा जास्तच वेळ बघितली. दाराच्या बाजूच्या भिंतीवर शेवाळाचा काळा-हिरवा पट्टा जोत्यापासून मांडीएवढ्या उंचीपर्यंत, एका कोपऱ्यात छातीपर्यंत. तो कोपरा नैर्ऋत्येचा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तो या भिंतीवर नेमका कुठून आणि किती उंच मारतो, हे शेवाळ लिहून ठेवतं.

मग माप. दार रुंदीला साडेआठ फूट, उंचीला सात फूट दोन इंच. वर लाकडी तुळई, आणि तुळईवर पाच इंचांत वासे. तिथे शटरचा खोका मावत नाही. बाहेरून बसवला तर कौलांखाली पत्र्याची पेटी लोंबकळणार. सेक्शनलचे रूळ आत न्यायचे तर चार फुटांवर दुसरी आडवी तुळई आडवी येते. ती कापली की छप्पर बसलं. फोनवर मुलाला दाखवलं.

"पण काका, इन्सुलेशन हवं ना? पश्चिमेचं ऊन आहे."

"अरे, वर कौलं आहेत. फटीफटीतून वारा खेळतो. दारात फोम भरून आत काय राखायचंय?" आणि घट्ट बंद दार इथे उलट वाईट. पावसात ओली गाडी आत आली की ते पाणी जायला वाट लागते, नाहीतर आठ दिवसांत सीटवर पांढरी बुरशी.

आजी इतका वेळ खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी फोटो निरखून बघितला. "हें फॅक्टरीचें दार मरे," एवढंच म्हणाल्या आणि मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. मांगराची जुनी झडप तिथे कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत झाली होती. फणसाचं लाकूड. वरच्या तिसऱ्या भागात तिरप्या पट्ट्या, वारा आत आणि पाऊस बाहेर. खाली सहा इंचांचा तुकडा वेगळा, दोन बिजागऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये आडवा बसवलेला. जमिनीचं पाणी वर चढतं ते आधी तो तुकडा खातो. तो काढायचा, नवा ठोकायचा, वरच्या झडपेला हात लावायचा नाही. त्या सुताराने हे किती वेळा केलं असेल कोण जाणे, तुकड्याच्या कडेला खिळ्यांची तीन वेगवेगळी भोकं होती.

तशीच झडप करावी असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण लाकडाला दरवर्षी तेल कोण लावणार? आजी? आणि दोनच झडपा केल्या तर एकेक सव्वाचार फुटांची. बिजागरीच्या कोपऱ्यातून दोरी धरून फिरवली तर साडेतीन फुटांवर वृंदावन. झडप भिंतीला टेकायच्या आत तिथे अडणार आणि जूनच्या वाऱ्यात गाडीवर आपटणार. वृंदावन हलवायचा विषयही मी काढला नाही.

शेवटी जमलं ते असं. चार झडपा, प्रत्येकी दोन फूट दीड इंच, जुन्या दुकानांना असायच्या तशा दोन-दोन एकमेकींवर दुमडणाऱ्या. खाली चॅनल नाही, इथली तांबडी माती आणि खडे त्यात दोन दिवसांत भरतात. लोखंडी पाइपची चौकट, आधी सगळं वेल्डिंग आणि पाणी निथळायची भोकं, आणि मग हॉट डिप गॅल्व्हनाइजिंग, म्हणजे अख्खी चौकट वितळलेल्या जस्तात बुडवणं. उलट क्रमाने केलं तर वेल्डिंगच्या जागीच गंज धरतो. वर तिरप्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली सागवानी फळ्या, तळाचा सहा इंचांचा तुकडा सुटा. रंग घराच्या खिडक्यांचा, गडद हिरवा. बिजागऱ्या चिऱ्यात ठोकायच्या नाहीत. चिरा भुसभुशीत, फास्टनर आवळला की फुटतो. त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी चौकटीला. आणि लाकडाचा छाप मारलेलं अ‍ॅल्युमिनियम नको, हे माझं वैयक्तिक मत मी मुलाला फुकट दिलं. त्याने मोटर लागेल का विचारलं. नाही लागणार. तो जरा हिरमुसला.

निघताना आजींनी कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "मगे केन्ना बसतलें दार? चवथीच्या आधी?"

तोंडात "होईल की" आलंच होतं. शर्टाच्या खिशात सकाळचं ते स्क्रूचं डोकं होतं, ते बोटाला लागलं.

"चवथीनंतर, आजी."

"बरें," त्या म्हणाल्या. "मागीर ती झडप कोंब्यांकच रावूं दी."