आधी आकाश, मग घाट: बोर्मिओतली सायकलची सुट्टी

आल्प्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की बरेच जण रोज नव्या गावात मुक्काम असलेली सहल ठरवतात. मी आणि नवऱ्याने मुद्दाम उलटं केलं. उत्तर इटलीतल्या बोर्मिओत एक खोली घेतली आणि सुट्टी संपेपर्यंत बॅग तिथून हलवली नाही. गाव १२२५ मीटर उंचीवर. स्तेल्व्हिओ घाटाचा चढ गावातूनच सुरू होतो, गाव्हिया घाटाचाही, आणि कांकानोच्या तलावांकडे जाणारा रस्ताही जवळच. शिवाय गरम पाण्याचे झरे. डोंगरातली हवा कधी फिरेल याचा नेम नाही. एका जागी मुक्काम असला की सकाळी उठून आकाश बघायचं आणि मग ठरवायचं, आज कुठला घाट. पुढच्या गावात बुकिंग आहे म्हणून पावसात घाट ओलांडायची सक्ती नाही. आमच्या सगळ्या बेतातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच होती.

तयारीचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच; तो घेताना डोंगरात सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे विचारून घ्या. मिलानो सेंत्राले या मिलानच्या मुख्य स्थानकाहून तिरानोपर्यंत रेल्वेने साधारण अडीच तास, बराच वेळ कोमो तलावाच्या काठाने. तिथून बसने बोर्मिओ. सायकली आम्ही गावातच भाड्याने घेतल्या. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३४ दात असलेला गिअर आधीच सांगून ठेवला होता. दुकानदाराने सीटची उंची जुळवली, ब्रेक दाबून पाहिले आणि दिवे लावून दिले. स्तेल्व्हिओच्या रस्त्यावर बोगदे आहेत, तिथे दिवे हवेतच.

पहिल्या दिवशी मोठ्या घाटाला हात घातला नाही. कांकानोला गेलो. डोंगराच्या उघड्या अंगावर वळणांमागून वळणं, वर फ्राएलेचे दोन जुने बुरूज, उंची १९४१ मीटर. बुरुजांच्या पलीकडे रस्ता सपाट होतो आणि तलाव दिसायला लागतात. उंचीवरच्या हवेत दम किती पुरतो, कुठला गिअर कधी लागतो, उतारावर ब्रेक किती दाबायचे, हे सगळं त्या चढावर कळलं. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

मग एका सकाळी आकाश अगदी निरभ्र निघालं. स्तेल्व्हिओ! बोर्मिओकडून साडेएकवीस किलोमीटर, चढ सुमारे दीड हजार मीटर, माथा २७५७ मीटरवर. रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. तो घोडागाड्यांसाठी आखलेला, म्हणून चढ एकदम अंगावर येत नाही. सरासरी सात टक्के, पण संपता संपत नाही. सुरुवातीला ब्राउलिओची अरुंद दरी आणि बोगदे. आत दगडातून पाणी ठिबकत असतं, चाकाखाली ओलं, मागून मोटारसायकल आली की आवाज दुप्पट होतो. बोगदे संपले की समोर स्पोंदालुंगा उभी राहते. एकावर एक रचलेली वळणं, शेजारी धबधबा, वळणावळणावर क्रमांकाची पाटी. इथे मान वर करून माथा शोधू नये. मी पुढच्या पाटीपुरतंच बघत गेले. वळणाच्या बाहेरच्या कडेने गेलं की चढ जरा सौम्य लागतो, पाय क्षणभर सुटतात. पुढच्या सरळ तुकड्यासाठी तेवढी विश्रांती पुरते.

वळणं संपल्यावर मोकळं माळरान लागतं आणि वेग आपोआप वाढतो. तिथे जोर लावू नका. उंब्राइलच्या फाट्यानंतरचे शेवटचे तीन किलोमीटर पुन्हा तीव्र आहेत, आणि तोवर हवाही विरळ झालेली असते. माथ्यावर दुकानांची गर्दी आहे, सॉसेज भाजल्याचा वास आहे. पलीकडच्या कठड्यावरून प्रातो गावाकडे उतरणारी ती प्रसिद्ध ४८ वळणं दिसली आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. १९५३च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पी त्या बाजूने चढून बोर्मिओत पहिला पोहोचला होता.

चढापेक्षा उताराची तयारी जास्त महत्त्वाची, हे मी प्रत्येकाला सांगते. चढताना अंग घामाने भिजतं आणि उतरताना तोच घाम गार पडतो. पाठीवरच्या खिशात वाऱ्याचं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानावर येईल अशी पातळ टोपी होती. माथ्यावर थांबायच्या आधीच हे सगळं अंगावर चढवलं. बोटं गारठली तर ब्रेक दाबता येत नाहीत. ५ जून १९८८ला गाव्हियावर हिमवर्षाव होत असताना जिरो तिथून बोर्मिओत उतरली. माथा सर्वात आधी ओलांडणारा योहान व्हान डेर वेल्डे उतारावर थंडीने इतका गारठला की शेवटी पाऊण तासाहून जास्त मागे पडला. उबदार कपड्यांची सोय करून ठेवलेल्या अँडी हॅम्पस्टनला त्या दिवशी गुलाबी जर्सी, म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्याची जर्सी, मिळाली.

गाव्हिया आम्ही दोनदा पुढे ढकलला, ढग उतरले होते म्हणून. त्या दिवसांत बान्यी वेक्कीत, म्हणजे जुन्या स्नानगृहात, गेलो. डोंगरात खोदलेल्या बोगद्यातून वाफेत चालत जायचं, मग उघड्यावरच्या कुंडात गरम पाण्यात बसून खालची दरी बघायची. मांड्यांतला ताठरपणा तिथे खरंच सुटतो. फार वेळ बसलं तर मात्र गळून जायला होतं, म्हणून मध्ये मध्ये बाहेर येऊन पाणी पीत होतो. संध्याकाळी पित्सोकेरी. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. सायकलवाल्याच्या पोटाला याहून योग्य जेवण मला माहीत नाही.

हवा उघडल्यावर गाव्हिया झाला. सांता कातेरिनापर्यंत सोपा, पुढे अरुंद आणि शांत. मला तो स्तेल्व्हिओपेक्षा आवडला. मोर्तिरोलो हा जवळचा तिसरा घाट मात्र सोडला. मात्सो गावाकडून १२.४ किलोमीटर, सरासरी साडेदहा टक्के. त्याला ताजे पाय हवेत, आणि आमचे तसे उरले नव्हते. उरलेल्या दिवशी पुन्हा कांकानोला गेलो. यावेळी तलावाला पूर्ण फेरी मारली.