गुरुवारची सुशी

सांगलीत कुणालाही सुशी, म्हणजे आंबट भातावर मासा ठेवून देतात तो जपानी पदार्थ, खाऊन आलोय म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कच्चा मासा खाल्लास? पोट बरं आहे ना?" आणि त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं, की मग आपल्या कृष्णेचा मासा काय वाईट आहे, तो तर डोळ्यासमोर जाळ्यातनं काढून देतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. त्या छोट्याशा जपानी हॉटेलात जे बघितलं ते बघून माझं तरी पक्कं मत झालंय की सुशीला नुसतं कच्चा मासा म्हणणं म्हणजे ती करणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरवणं आहे.

आणि हे आधीच सांगतो, नदीचा मासा कितीही ताजा असू दे, कच्चा खायचा नाही. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाच्या पोटात जाऊन जगणारे जंत असू शकतात. आपण तळतो, रस्सा करतो, उकळीत ते मरतात, विषय संपला. सुशीवाल्याला उकळी नाही, म्हणून त्याला दुसरी व्यवस्था करावी लागते, आणि ती व्यवस्था बघायलाच मला खरी मजा आली कारण माझा धंदा बेदाण्याचा, कोल्ड स्टोरेजमध्ये रोजचं जाणंयेणं.

चुलतभाऊ पुण्यात एका जपानी कंपनीत आहे, भाषा शिकलाय, तिथल्या साहेबांच्यात उठबस आहे. पुण्यात कामासाठी गेलो होतो तर म्हणाला दादा, वहिनींना घेऊन या, आमचे साहेब लोक जिथं जेवतात तिथंच नेतो. आता तो दिवस गुरुवार. हिचा गुरुवार म्हणजे अंडंसुद्धा नाही. मी म्हणलं राहू दे पुढच्या वेळी, तर हा म्हणतो भाजीची पण सुशी असते, तुम्ही या तर खरं.

बाणेरच्या आतल्या गल्लीत, बाहेरनं कळणारसुद्धा नाही असं हॉटेल. दाराला कापडी पडदा, आत एक लांब लाकडी काउंटर आणि त्याला आठ खुर्च्या, बास. टेबलं नाहीत, गाणी नाहीत, भिंतीवर मासे-बिसे काढलेले नाहीत. बसल्या बसल्या हात पुसायला गरम ओला टॉवेल आणि मोठ्या कपात बिनदुधाचा हिरवा चहा. काउंटरच्या पलीकडं साठीच्या आसपासचा जपानी माणूस आणि हाताखाली एक आपल्याकडचाच पोरगा. मेनूकार्ड आहे पण कुणी बघत नव्हतं, तो देईल ते खायचं, एकेक करून, आणि समोर ठेवलं की लगेच खायचं. आपल्यासारखं सगळं मागवून मध्ये ठेवून वाटून घ्यायचं हे तिथं चालत नाही, कारण भात अंगाइतका कोमट असतो आणि मासा गार, तेवढ्या वेळातच ते तोंडात जायला पाहिजे. पाच मिनिटं गप्पा मारल्या तर भात गार झाला, संपलं.

भावानं सांगितलं की वहिनींचा आज उपवासासारखं आहे, मासा अंडं काही नाही. तो माणूस थांबला आणि त्यानं उलट प्रश्न विचारला, माशाचं पाणी चालतं का? आम्हाला कळेना. मग भावानं उलगडून सांगितलं की जपानी सूप, भाजी शिजवायचा रस, ऑम्लेट सगळ्यात दाशी असते, आणि दाशी म्हणजे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे मासा शिजवून धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवायचा आणि रंध्यावर किसल्यासारखा किसायचा, त्याचं पाणी. दिसायला मासा कुठंच नाही पण आहे. त्यानं न विचारता दिलं असतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं. पण त्यानं विचारलं, आणि हिच्यासाठी कोम्बू आणि वाळलेल्या शिताके मशरूमचं वेगळं सूप केलं, भाज्यांवर सुरी चालवायच्या आधी पाट आणि सुरी धुतली, कोरडी केली, मग काकडीला हात लावला. हे बघूनच माझा त्या माणसावर विश्वास बसला, मासा अजून यायचा होता.

मग मी माझ्या मुद्द्यावर आलो, फ्रीझर किती डिग्रीला ठेवता? भावाला विचारायला अवघड वाटत होतं पण तो माणूस खूश झाला. कच्च्या खायच्या माशाला ठरलेला हिशोब आहे, उणे 20 डिग्रीला 7 दिवस, नाहीतर आधी उणे 35 ला पूर्ण गोठवून मग त्याच डिग्रीला 15 तास, तेव्हा त्यातले जंत मरतात. अमेरिकेच्या अन्न खात्याच्या कागदातही हेच आकडे आहेत. आणि मोठा टूना पकडणाऱ्या बोटी तर मासा समुद्रातच उणे 60 ला गोठवतात. आमचा बेदाणा शून्याच्या वर चार-पाच डिग्रीला सुखानं झोपतो, त्यामुळं उणे 60 ऐकून मी दोनदा विचारून खात्री केली. वर त्यानं सांगितलं की ताजा म्हणजे चांगलाच असं नसतं, काही मासे पकडल्यावर गारव्यात दोन-चार दिवस ठेवले की मगच चव येते.

ह्याची चव समोर कळली. पहिला पांढरा मासा आला, ताई म्हणतात त्याला, तो कोम्बूच्या दोन पानांमध्ये दाबून ठेवलेला, त्यातलं पाणी कमी झालेलं आणि कोम्बूची चव आत उतरलेली. मग टूना, सोया सॉसमध्ये थोडा वेळ मुरवलेला, गडद लाल. मग साबा, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भावकीतला मासा, त्याला आधी मीठ चोळून ठेवतात, मग व्हिनेगरमध्ये बुडवतात. कोळंबी उकडलेली होती. आनागो नावाची समुद्रातली वाम गोडसर रसात शिजवून वर तोच रस आटवून लावलेला. आता मला सांगा, ह्यात कच्चं म्हणावं असं किती राहिलं? मीठ, आंबट, सोया, वाफ, गारवा, प्रत्येक माशावर आधीच काहीतरी करून झालेलं असतं आणि आपल्यासमोर फक्त शेवटचे काही सेकंद दिसतात.

ते शेवटचे सेकंद मात्र बघण्यासारखे. उजवा हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचा, तळव्यावर टाळी मारून जादाचं पाणी उडवायचं, त्याच हातानं लाकडी भांड्यातला भात उचलायचा, डाव्या हातात माशाचा तुकडा, त्यावर बोटानं वासाबीचा, म्हणजे नाकात जाणाऱ्या झणझणीत हिरव्या लगद्याचा, ठिपका, मग भात त्यावर ठेवून अंगठ्यानं मध्ये हलकं दाबायचं, पलटायचं, दोन बोटांनी वरनं दाबायचं, फिरवायचं, परत दाबायचं. झालं. उचलला तर तुटत नाही आणि तोंडात गेला की शीतं सुटी होतात. हात वापरून खाल्लं तरी चालतं, उलट तो म्हणाला हातानंच खा, फक्त सोया सॉस लावायचा तो माशाच्या बाजूला, भाताची बाजू बुडवली की तो सॉस पिऊन फुटतो.

भाताबद्दल हिनं इतकं विचारलं की भाऊ भाषांतर करून दमला. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ, पाणी नितळ होईपर्यंत हलक्या हातानं धुतलेला, शिजल्यावर रुंद लाकडी परातीत काढून त्यावर तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ ह्यांचं मिश्रण ओतायचं आणि पळीनं कापल्यासारखं मिसळत एकीकडं पंख्यानं वारा घालायचा. लाकूड जादाचं पाणी ओढून घेतं आणि वाऱ्यानं भाताला चकाकी येते. बासमतीचं हे काम नाही, त्याची शीतं धरतच नाहीत. ही म्हणाली आपली इंद्रायणी चालेल. मला पण वाटतं चालेल, वास तिचा वेगळा आहे तेवढंच.

गंमत म्हणजे ह्या भाताला एकेकाळी कुणी खातच नव्हतं. जुन्या काळी मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवायचे, भात आंबायचा, त्या आंबटपणानं मासा टिकायचा, आणि खायच्या वेळी भात टाकून द्यायचे. बिवा सरोवराच्या काठी, शिगा प्रांतात, फुनाझुशी नावानं हा प्रकार अजून करतात. पुढं लोकांना दम निघेना, आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घातलं. 1820 च्या सुमाराला एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई नावाच्या माणसानं ही हातानं दाबलेली सुशी चालू केली असं मानतात. गाड्यावर उभ्या उभ्या खायचा पदार्थ होता हा. आणि आपण सगळे फोटोत बघतो तो सॅमन तर ह्यात फार उशिरा आला, नॉर्वेवाल्यांनी 1980 च्या दशकात जपानला जाऊन त्यांना कच्चा सॅमन खायला लावला.

वासाबीचं वेगळं सांगायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी जी हिरवी गोळी देतात ती हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग असते. इथं त्यानं खरं मूळ काढलं, शार्कच्या कातड्याच्या खरखरीत पाटीवर गोल गोल घासलं, तेवढंच घेतलं, कारण पंधरा-वीस मिनिटांत झणका उतरतो. जीभ भाजत नाही, सरळ नाकात जातो आणि लगेच विरतो. ही म्हणाली अहो, ही तर मोहरी फेसल्यासारखी लागते, आणि ते अगदी बरोबर आहे, मोहरी पाण्यात फेसली की जो नाकात चढणारा पदार्थ तयार होतो तोच वासाबी घासल्यावर तयार होतो.

आता हिचं ताट. काकडीची सुशी, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याची, गोडसर तळलेल्या टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, पिशवीत भरलेली, शिताकेची, आणि कानप्योची. ही शेवटची खाऊन आम्ही दोघंही गप्प झालो. तपकिरी, मऊ पण चावताना दाताला लागणारी, गोड-खारट पट्टी भाताच्या मधोमध, बाहेरनं कुरकुरीत नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा. काय आहे विचारलं तर दुध्या! दुधी भोपळा, आपलाच, फक्त गोल जातीचा. त्याच्या गराची लांबच लांब रिबिनीसारखी पट्टी सोलायची, उन्हाळ्यात वाळवायची, लागेल तेव्हा मीठ चोळून भिजवून उकडून सोया-साखरेत शिजवायची. तोचिगी प्रांतात हाच धंदा आहे. त्याच्याकडं त्या दिवशी कोम्बूच्या पाण्यात शिजवलेली होती म्हणून हिला चालली.

बिल माणशी साडेतीन हजार आलं. जास्त आहे, रोज परवडणारं नाही, पण चीज आणि मेयोनेज भरलेले रोल त्याच्या निम्म्या पैशात खाण्यापेक्षा वर्षातनं एकदा इथं जावं असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी कानप्योचं पाकीट हातात घेऊन बघितलं. एक पांढरं होतं, एक पिवळसर. पांढऱ्याला गंधकाची धुरी देतात, रंग टिकायला आणि कीड लागू नये म्हणून, पिवळसर बिनधुरीचं. अरे, हे तर आमचंच काम! द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकायची, वाळल्यावर रंगासाठी गंधकाची धुरी द्यायची, तासगाव-सांगलीच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. भावाला म्हणलं पुढच्या वेळी साहेबांकडनं गोल दुध्याचं बी मिळतंय का बघ. शेड एप्रिलमध्ये रिकामी व्हायला लागते, ऊन तेव्हा चाळिशीला टेकलेलं असतं, वरच्या दोन जाळ्या मी दुध्यासाठी ठेवतोय. तोपर्यंत लांब दुध्यावर करून बघू. धुरी द्यायची नाही एवढं मात्र हिनं आत्ताच बजावलंय.