आयर्विनला किती?

सांगलीत जुलै-ऑगस्टमधे कुणी भेटलं की "बरं हाय का" च्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. किती म्हणजे पुलापाशी नदीचं पाणी किती फूट. बाहेरच्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्या दोन्हीच्या मधे कुठंतरी नदीकाठच्या जुन्या गावभागात लोक फ्रीज टेबलावर चढवायला लागतात. बातम्या, कलेक्टर, पाटबंधारे सगळे नंतर. आधी "पाणी मारुती चौकात आलं का" हे विचारायचं, आलं असेल तर मग गाद्या गुंडाळायच्या.

हा आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, दगडी, १९२९ सालचा, तेव्हाच्या व्हॉइसरॉयचं नाव दिलेला. संस्थान गेलं, व्हॉइसरॉय गेले, देशभर रस्त्यांची चौकांची नावं बदलून झाली, पण या साहेबाचं नाव पावसाळ्यात आमच्याकडं दिवसातून पन्नास वेळा निघतं, ते पण बिचाऱ्याला माणूस म्हणून कुणी ओळखत नाही.

मी कॉलेजला होते तेव्हा आमचं घर गावभागात आणि कॉलेज विश्रामबागला, विलिंग्डन. १९१९ सालचं कॉलेज, पुलं इथं शिकायला होते हे वर्षातून एकदा तरी कुठले ना कुठले सर सांगणारच आणि आम्ही प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करणार. सिटी बसनं जायचं, नाहीतर सायकल. आता गंमत अशी की विश्रामबाग उंचावर, तिथं पाणी येत नाही, त्यामुळं तिकडच्या पोरींना पूर म्हणजे सुट्टी आणि आम्हाला पूर म्हणजे गव्हाचे डबे वरच्या मजल्यावर. पण खरं सांगायचं तर पाणी चाळीसच्या खाली असेपर्यंत आम्हाला पण मजाच वाटायची. संध्याकाळी "पाणी बघून येते" म्हटलं की कुठल्याच घरात नाही म्हणत नव्हते. हॉटेलात जाते म्हटलं तर शंभर प्रश्न, पण पाणी बघायला जाणं म्हणजे जबाबदारीचं काम ना! आमच्या वर्गातली किमान दोन लग्नं पुलाच्या कठड्याला टेकून भडंग खात पाणी बघण्यात जमलेली आहेत, नावं लिहीत नाही, दोघांची पोरं आता मोठी झालीत.

इतिहास म्हटलं की मला शाळेतलं पुस्तक आठवत नाही, हे पाणीच आठवतं. पुस्तकात पानिपत होतं, प्लासी होती, चले जाव होतं. पण रोज ज्या जेलच्या भिंतीवरून आम्ही सायकली हाणत जायचो ती त्यात नव्हती. त्या जेलमधून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले, पोलीस मागं, आणि जुलै म्हटल्यावर कृष्णेला पाणी चढलेलं. दादांना खांद्यात गोळी लागली, दोन साथीदारांचा जीव गेला. हे मला पुलावर पाणी बघायला आलेल्या एका आजोबांनी सांगितलं, ते पण असं की जणू परवाच झालंय, हातवारे करून, "हिकडनं पोलीस, तिकडनं पाणी, जाणार कुठं माणूस". तारीख मी नंतर बघितली. त्यांनी सांगितलं होतं ते फक्त पाणी किती होतं ते.

दुसरं म्हणजे हरिपूर. दुतर्फा चिंचेच्या झाडांच्या रस्त्यानं सायकलवरून संगमेश्वराला जायचं, तिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते, ते बघून परत यायचं, एवढाच प्रोग्राम. पण एका मैत्रिणीच्या आजोळची तिथं हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं भलं खोल कोठार, तोंड लहान आणि आत मोठा घेर, त्यात हळद भरून वरून माती लिंपून बंद. सांगलीच्या हळदीचा व्यापार वर्षानुवर्षं या पेवांवर चालला, आत हळद कितीही दिवस राहू दे, कीड लागत नाही. एकदा पेव उघडताना बघितलं. तोंडावरची माती काढली, दगड सरकवला, आणि मग कुणी काहीच करेना, सगळे नुसते बसून! मला वाटलं चहाची वेळ झाली असेल. तर आतली कोंडलेली हवा विषारी असते म्हणून थांबायचं असतं. मग दोरीला कंदील बांधून सोडला, तो विझला नाही हे बघितलं आणि मगच एक माणूस उतरला. वर आला तेव्हा भुवया, कानाच्या पाळ्या, नखं सगळं पिवळं, आणि त्या वासानं घरी जाईपर्यंत माझी ओढणी पण भरलेली.

मग २००५. पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. पेवांच्यात पाणी शिरलं, हळद गेली, पेवं ढासळली, आणि तो धंदा बघता बघता गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडं गेला. आमच्या घरी काय झालं ते फार लिहीत नाही, चिखल सगळ्यांकडं सारखाच असतो. आम्ही विश्रामबागला मैत्रिणीच्या हॉलमधे ओळीनं झोपलो, तिची आई रोज पिठलं-भात करायची आणि कुणी तक्रार केली नाही, पिठलं आवडत नाही म्हणणाऱ्या माझ्या भावानं सुद्धा. कॉलेज सुरू झाल्यावर प्रॅक्टिकलला अर्ध्या वर्गाची जर्नल्स पुरात वाहून गेलेली. त्यात विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहणारे पण होते. सरांनी काही न बोलता सगळ्यांना मुदत वाढवून दिली, फक्त त्या तिसऱ्या मजल्यावाल्याला विचारलं, "तुमच्याकडं कितव्या फुटाला येतं रे?"

२०१९ ला सत्तावन्न झालं आणि आमचं २००५ एकदम मागं पडलं. तोपर्यंत आम्ही "आमच्या वेळचा पूर" म्हणून जरा ऐटीत सांगायचो, आता पुतणी म्हणते तुमचं त्रेपन्न म्हणजे काहीच नाही आत्या. २०२१ ला परत पंचावन्नच्या आसपास. वाड्यांच्या जागी अपार्टमेंटं झालीत, खाली पार्किंग आणि वर माणसं, आणि फ्लॅट बघायला आलेला माणूस पूर्व-पश्चिम नंतर विचारतो, आधी २०१९ ला पाणी कुठवर होतं ते विचारतो.

मी आता पुण्यात असते, इथं नदीला पाणी किती फूट आहे हे कुणाला विचारलं तर लोक विचित्र नजरेनं बघतात. पण जुलै लागला की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेपासून आकडे सुरू. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून सोडतायत का नाही, आणि मग त्या अलमट्टीवरून दरवर्षी तीच दोन माणसं भांडतात, एकजण कर्नाटकच्या नावानं आणि दुसरा आपल्याकडच्या नदीकाठच्या बांधकामांच्या नावानं. तिसऱ्या मजल्यावाला अजून विश्रामबागलाच आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानं मधेच लिहिलं, "आमच्या बोअरला पाणी नाही, तुमच्यातलं थोडं इकडं पाठवा". त्यावर गावभागवाल्यांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.