नव्या घरातील हवा: कोकणातील बांधकामासाठी आम्ही काय निवडले

रत्नागिरी तालुक्यात आमच्या कुटुंबाचे नवे घर बांधून होत आहे. चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत आल्या आहेत, आणि घरात हवा कोठून येणार व कोठून बाहेर जाणार याचा निर्णय आत्ताच घेणे भाग आहे, कारण स्लॅब पडल्यावर व गिलावा झाल्यावर भिंतीला भोक पाडणे म्हणजे नव्या कामाची नासाडी असते. या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून आमचा विचार सविस्तर मांडत आहे.

जुन्या कौलारू घरात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. कौलांच्या फटींमधून, माळ्यावरून आणि गवाक्षांतून गरम हवा सतत वर निघून जात असे आणि तिची जागा पडवीकडून येणारी हवा घेत असे. स्लॅब घातला, खिडक्यांना रबरी पट्ट्यांच्या घट्ट चौकटी बसवल्या, की ही नकळत होणारी ये-जा थांबते. ओल मात्र थांबत नाही. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅस जळताना सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, आणि हा हिशेब केवळ जळण्याचा आहे. भाताची, आमटीची वाफ वेगळीच. त्यात माणसांचा श्वास, आंघोळी आणि पावसाळ्यात घरातच वाळत घातलेले कपडे यांची भर पडते. नव्या घराच्या स्लॅबमध्ये व गिलाव्यात मुरलेले पाणीही पहिले वर्षभर हळूहळू बाहेर पडत राहते, त्यामुळे नव्या घरातच बुरशी अधिक दिसते आणि लोक विनाकारण रंगाला दोष देतात.

आम्ही सर्वांत जास्त वेळ खिडक्यांवर घालवला, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त उष्ण-दमट हवामानासाठी घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के इतके उघडता येणारे क्षेत्र सांगितले आहे. आम्हाला कोणी तिची सक्ती केली नव्हती, तरी तोच आकडा आम्ही प्रत्येक खोलीला लावून पाहिला. येथे महत्त्व काचेच्या मापाला नसून प्रत्यक्ष उघडणाऱ्या भागाला आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी ती निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडे क्षेत्र हवे, म्हणजे पाच बाय चारची सरकती खिडकी एकटी अर्धेच काम करते. आम्ही चार बाय तीनच्या बिजागरीच्या दोन खिडक्या वेगवेगळ्या भिंतींत घेतल्या. एकाच भिंतीत एकच खिडकी असेल तर समोरून वारा आला तरी तो खोलीत फारसा शिरत नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते. आमच्याकडे दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, म्हणून समोरासमोरच्या पूर्व-पश्चिम खिडक्या एका रेषेत ठेवल्या आणि प्रत्येक खोलीत छताजवळ एक झडपेचा झरोका दिला.

पावसाळ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. पश्चिमेकडून झडी येते तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावूनच घ्याव्या लागतात. पूर्वी याच भिंतींना झावळ्यांचे झाप लावत असत. शिवाय जुलैत बाहेरच्या हवेतच नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, त्यामुळे खिडक्या उघडून घर कोरडे होत नाही. आपल्या हाती इतकेच असते की घरात तयार होणारी वाफ जेथल्या तेथे बाहेर काढावी. म्हणून न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन जागांसाठी आम्ही यंत्र निवडले. दहा घनमीटरच्या न्हाणीघरातील हवा तासाला आठ वेळा बदलायची तर ८० घनमीटर क्षमता लागते. सहा इंची एक्झॉस्ट पंख्याला ते सहज जमते, पण दाराखाली पाऊण इंच फट ठेवली तरच, कारण हवा आत आल्याखेरीज बाहेर जात नाही. पंख्याला टायमर लावणार आहोत, जेणेकरून आंघोळीनंतरही तो काही वेळ चालू राहील. स्वयंपाकघरात पाइप बाहेर सोडलेलीच चिमणी घेतली. कोळशाच्या फिल्टरची, हवा पुन्हा आतच सोडणारी चिमणी वास कमी करते, वाफ मात्र घरातच ठेवते.

उष्णता व ओलावा यांची देवाणघेवाण करून ताजी हवा आणणारे, संपूर्ण घराचे ईआरव्ही यंत्रही आम्ही विचारात घेतले होते. घट्ट बंद करून दिवसरात्र एसी चालवायच्या घराला ते शोभते. आठ महिने खिडक्या उघड्या राहणाऱ्या घरात त्याचा उपयोग होत नाही. एसी असलेल्या एकमेव खोलीबाबत मात्र मला काळजी वाटते. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे अनेकांना माहीत नसते. त्या खोलीचा झरोका आम्ही रात्री बोटभर उघडा ठेवणार आहोत, मग विजेचे बिल थोडे वाढले तरी चालेल.

गॅस गिझर न्हाणीघरात बसवू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. बंद जागेत त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावली आहेत, आणि त्या वायूला वासही नसतो. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहणे चूक आहे. बंद खोलीत तो गिझरचा धूर उलट आत ओढू शकतो. आमचा गिझर परसदारच्या उघड्या पडवीत राहील.

या आठवड्यात गवंड्यांनी पंख्यांसाठी आणि चिमणीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे भिंतीत बसवले. पावसाचे पाणी आत ओघळू नये म्हणून त्यांना बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार दिला आहे, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी व झडप गिलाव्यानंतर लागेल.