नावापुरते जंक्शन

जंक्शन म्हटले की मिरज, मनमाड किंवा लोंढा डोळ्यांसमोर येते: मध्यरात्रीचा चहा, बोचक्यांवर डोके टेकून झोपलेली कुटुंबे आणि पुढची गाडी कोणत्या फलाटावर लागणार, यावरून चाललेली हुज्जत. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा स्थानकाच्या नावापुढेही जंक्शन लागते, पण यांतले काहीच तिथे आढळत नाही. गाडी बदलण्यासाठी माजोर्ड्याला उतरलेला माणूस मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. ज्याला बदलायची असते तो मडगावलाच बदलतो. माजोर्ड्याला उतरतो तो घरी जाणारा, किंवा पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन किनाऱ्याचा रस्ता विचारणारा पर्यटक.

तरीही हे जंक्शन खोटे नाही. मडगावहून निघालेली वाट माजोर्ड्याला दुभंगते. डावीकडचे रूळ कासावली, दाबोळीवरून वास्कोला आणि मुरगाव बंदराला जातात, तर उजवीकडचे वेर्णा, करमळी, पेडणे करत मुंबईची वाट धरतात. यांतली डावी वाट थोरली. पोर्तुगीज अमलात ब्रिटिश भांडवलावर बांधलेली ही मीटरगेज लाईन 1888 साली घाट चढून हद्दीपलीकडच्या कॅसलरॉकला भिडली. उजवी वाट कोकण रेल्वेची, शंभरावर वर्षांनी धाकटी. तिने गोव्यातून कुठून जावे, यावरून नव्वदीच्या दशकात मोठे आंदोलन झाले आणि पुढे पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीनेही तिला बराच काळ अडवून धरले. 1998 मध्ये ती रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग धावू लागली. त्याच दशकात थोरल्या लाईनच्या रुळांमधले अंतर एक मीटरवरून 1676 मिलिमीटरवर गेले, म्हणून तर दोघींचे रूळ एकमेकींत मिसळू शकले. तोवर माजोर्डा हे मडगाव आणि कासावली यांच्यामधले एक साधे स्थानक होते, आणि जंक्शन होऊनही त्याच्या स्वभावात फारसा फरक पडलेला नाही.

या दुभंगण्यातून एक गंमत मात्र झाली आहे. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस माजोर्डा, मडगाव, लोंढा, मिरज असे करत पुण्याला जाते, आणि मडगावहून सुटणाऱ्या मुंबईच्या गाड्या याच माजोर्ड्यावरून उलट दिशेने निघतात. पुण्याचा आणि मुंबईचा, दोघेही प्रवासी महाराष्ट्राकडेच निघालेले. पण माजोर्ड्याला त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. नकाशा समोर धरल्याशिवाय आमच्या पाहुण्यांना हे कधीच पटत नाही.

रूळ जिथे फुटतात त्या जागेला रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणतात. फुटण्याच्या जागेला जोडण्याचा शब्द द्यावा, हे मला फार आवडते. सांध्यावरून गाडी सरळ गेली तर काही जाणवत नाही. ती वळली, तर मात्र डबा एका बाजूला किंचित कलतो, वरच्या फळीवरची पिशवी जराशी सरकते आणि चाकांचा ठेका क्षणभर चुकून पुन्हा सापडतो. हे एवढे बारकाईने माहीत असण्याचे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो.

मी मडगावचा, आणि माझे काम वास्कोला. एका पावसाळी सकाळी, उशीर झाला म्हणून, समोर उभ्या असलेल्या पॅसेंजरमध्ये मी धावत शिरलो आणि खिडकीजवळ बसून वर्तमानपत्र उघडले. माजोर्ड्यापर्यंत सगळे रोजच्यासारखेच होते, कारण तिथवर दोन्ही गाड्या एकाच अंगाने जातात. माजोर्डा सुटल्यावर डबा कलला, तो उजवीकडे. मला ते कळले नाही. माझ्या समोर मासळीची रिकामी पाटी पायांशी घेऊन बसलेल्या बाईंना कळले, कारण मी मघाशी त्यांना वास्कोचा पाऊस कसा आहे ते विचारले होते. "बाब, ही वास्कोची न्हय," त्या म्हणाल्या. बाहेर पाहिले, तर कासावलीच्या शेतांऐवजी वेर्ण्याच्या बाजूची झाडी होती. वेर्ण्याला उतरून, पायलटच्या, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्याच्या मागे बसून, भिजत भिजत वास्कोला पोहोचलो. पायलटने घेतलेल्या पैशांत रेल्वेची कितीतरी तिकिटे आली असती.

तेव्हापासून माजोर्ड्याला मी वाचत नाही. तिथे अनेकदा थांबावेही लागते. बंदराकडून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी कोळसा घेऊन येणारी मालगाडी पुढे काढायची असते, आणि काळ्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजता मोजता माझा आकडा दरवेळी चाळिशीच्या आसपास चुकतो. रुळांलगतच्या घरांत याच कोळशाच्या धुळीबद्दल बोलले जाते, आणि रुळांच्या दुपदरीकरणाला झालेल्या विरोधामागेही हीच धूळ आहे. शेवटची वाघीण गेली की फलाटावरची शांतता आधीपेक्षा मोठी वाटते. कुठल्यातरी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू येतो. मग सिग्नल पडतो, गाडी एक आचका देऊन हलते आणि सांध्यावर येते. डबा डावीकडे कलला, पिशवी सरकली, की मी वर्तमानपत्र उघडतो.