रोहिदास नाही, तर पळणार कोण?

भारतीय हॉकी संघाची यादी जाहीर झाली की व्हॉट्सॲपवर पहिली चर्चा होते ती आघाडीच्या फळीची. अभिषेक आहे ना, मनदीपला घेतलं का, दिलप्रीत आत की बाहेर. मी यादी वेगळी वाचते. आपल्यावर पेनल्टी कॉर्नर आला, म्हणजे आपल्या चुकीमुळे समोरच्यांना गोल मारायची ठरावीक संधी मिळाली, तर सगळ्यात पुढे कोण धावणार, आणि तो नसला तर दुसरा कोण, हे आधी शोधते. मग ड्रॅगफ्लिकला, म्हणजे आपल्या कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलमध्ये भिरकवायला, दुसरा माणूस कोण ते बघते. मग गोलकीपर. बाकीची नावं नंतर.

मी भुसावळला क्रीडाशिक्षिका आहे आणि शाळेच्या मुलींचा हॉकी संघ बांधते. आमचं मैदान मुरमाचं. तालुक्याची, जिल्ह्याची स्पर्धा आली की मलाही यादी द्यावी लागते. म्हणून निवड समितीवर सोफ्यात बसून टीका करायची मला हौस नाही. पण पॅरिस ऑलिम्पिकची सोळा जणांची यादी आजही माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

आधी हा सगळ्यात पुढे धावणारा, फर्स्ट रशर, म्हणजे काय ते सांगते, कारण टीव्हीवर तो माणूस नीट दिसतही नाही. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे गोलकीपर धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. गोलच्या बाजूला त्याच रेषेवरून चेंडू बाहेर ढकलला गेला की त्या पाचांतला एक जण सरळ फ्लिकरच्या अंगावर धाव घेतो. तोंडावर मास्क, हातात जाड ग्लोव्ह, गुडघ्याला पॅड. चेंडू वर्तुळाबाहेर थांबवला जातो, फ्लिकर वाकतो, आणि त्या एक-दीड सेकंदात रशरला त्याच्या स्टिकच्या रेषेत स्वतःचं अंग आणि स्टिक नेऊन ठेवायची असते. चेंडू लागला तर लागला. कामच ते आहे. चेंडू अडला नाही तरी फ्लिकरला एक बाजू सोडावी लागली, की गोलकीपरला उरलेलीच बाजू सांभाळायची राहते. म्हणजे हे काम दोघांनी मिळून करायचं असतं. गोलकीपर आणि रशर महिनोन्‌महिने एकत्र सराव करतात, कुठली बाजू कोणाची हे ठरवून ठेवतात.

माझ्या संघात नववीतली एक मुलगी हे करते. अंगाने किरकोळ, पण पहिलं पाऊल इतक्या लवकर पडतं की बघत राहावं. मी तिला सांगते, चेंडूकडे धावू नको, फ्लिकरच्या पुढच्या पायाकडे धाव. चेंडू थांबायच्या आत तिचा डावा खांदा खाली गेलेला असतो आणि स्टिक जमिनीला घासत पुढे आलेली असते. मुरमावर तिची स्टिक जो आवाज करते, त्या आवाजाने समोरची मुलगी अर्धी गडबडते. तिच्यामागे मी अजून एका मुलीला तयार करते आहे. ती आठवीत आहे आणि तिला अजून भीती वाटते. तरी रोज तिलाही पळायला लावते, कारण एकीला ताप आला तर त्या दिवशी दुसरी आयती कुठून आणणार?

भारतासाठी हे काम अमित रोहिदास करतो. ओडिशातल्या सुंदरगढचा. माझ्या मते गेल्या काही वर्षांत जगातल्या सर्वोत्तम रशरांपैकी तो एक आहे. शिवाय कर्णधार आणि मुख्य फ्लिकर हरमनप्रीत मैदानाबाहेर असला की फ्लिकही बऱ्याचदा तोच मारतो. म्हणजे दोन महत्त्वाची कामं एकाच माणसावर. आणि ४ ऑगस्ट २०२४ ला, रविवारी दुपारी, ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. स्टिक मागे गेली ती विल कॅलननच्या तोंडाला लागली. ती मुद्दाम होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यानंतर भारत दहा जणांनी चाळीसहून जास्त मिनिटं खेळला. १-१ वर सामना संपला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलो. गोलकीपर श्रीजेशने त्या दिवशी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण सांगायची गोष्ट पुढची आहे. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, हॉकी इंडियाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. बंदीच्या जागी राखीव खेळाडू घेता येत नव्हता, त्यामुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपण पंधरा जणांनी उतरलो.

तो सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाला. आबा माझ्या शेजारी बसले होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, आम्ही मूळचे पारोळ्याचे, घरात अहिराणीच चालते. जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, ‘रोहिदास नही, ते आते पयी कोन?’ अठराव्या मिनिटाला गोंझालो पेयाटने पेनल्टी कॉर्नरवरच १-१ केलं. मूळचा अर्जेंटिनाचा, रिओला अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकलेला, आता जर्मनीसाठी फ्लिक मारणारा. पुढे रूअरने पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला, सुखजीतने बरोबरी साधली, आणि चौपन्नाव्या मिनिटाला मिल्टकाऊच्या गोलने आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर पेयाटचा फ्लिक अडलाच असता, असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण आबांनी विचारलेला प्रश्न यादी करताना कोणीतरी विचारायला हवा होता.

आता यादीच बघा. बचावात पाच जण होते, हरमनप्रीत, रोहिदास, जर्मनप्रीत, सुमित आणि संजय. आघाडीला पाच, अभिषेक, सुखजीत, ललित, मनदीप, गुरजंत. ड्रॅगफ्लिक मारणारा बचावपटू जुगराज सिंग राखीव, म्हणजे दुखापत झाली तरच आत. संजयला फ्लिक येतो हे खरं, पण ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात दुसरा फ्लिकर म्हणून विसंबून राहावं इतका तो तेव्हा तयार नव्हता, असं माझं मत आहे. पॅरिसमध्ये भारताने एकूण १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. लोक हा आकडा अभिमानाने सांगतात. मला त्याचाही अभिमान आहे, पण काळजी जास्त वाटते. त्याचा खांदा किंवा बोट दुखावलं असतं तर?

याच्या उलट टोकियोची यादी. तिथे हरमनप्रीतबरोबर रुपिंदरपाल हा दुसरा फ्लिकरही होता. जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं, त्यात दोघांचेही गोल होते. आणि त्याच सामन्यात दोन गोल मारणारा सिमरनजीत मूळ सोळात नव्हताच. तो राखीव होता. कोविडमुळे नियम सैल झाले आणि राखीव खेळाडूंनाही प्रत्येक सामन्यासाठी निवडता येऊ लागलं, म्हणून तो मैदानात दिसला. राखीव माणसाची किंमत याहून स्पष्ट कशी कळणार?

माझ्या यादीत पाचव्या आघाडीपटूच्या जागी जुगराज असता. हे मी गुरजंतला किंवा ललितला कमी लेखून म्हणत नाही. ललित टोकियोतही होता, त्याचा अनुभव मोठा. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांची बाजूही मला समजते. बारा-तेरा दिवसांत आठ सामने, पॅरिसचं ऊन, आघाडीच्या फळीला सतत आत-बाहेर करावं लागतं, तिथे चारच माणसं असली तर तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला पाय जड होतात. हा मुद्दा खरा आहे. तरी आघाडीतला एक जण कमी पडला तर मधल्या फळीतल्या विवेक किंवा राजकुमारला वर ढकलता येतं. रशर कमी पडला तर कोणाला ढकलणार? आणि जुगराज काय आहे ते पुढच्याच महिन्यात दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. पुढे हॉकी इंडिया लीगमध्ये १२ गोल करून तो सगळ्यांच्या पुढे राहिला, आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक मारून बंगाल टायगर्सला विजेतेपद मिळवून दिलं.

एवढं बोलूनही मी फुल्टन यांच्या बाजूची आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात आपण ओळीने सात सामने हरलो, तेव्हा ‘प्रशिक्षक बदला’ सुरू झालंच होतं. हॉकी इंडियाने त्यांना ठेवलं. सप्टेंबरमध्ये राजगीरला अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक आणि विश्वचषकाची जागा दोन्ही मिळालं. या निर्णयासाठी मी व्यवस्थापनाला मनापासून दाद देते, कारण आमच्या पिढीने उलटंच पाहिलं आहे. १९९८ ला बँकॉकमध्ये ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं, आणि बक्षीस काय मिळालं? कर्णधार धनराज पिल्लेसह काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळलं, प्रशिक्षक कौशिकही गेले. धनराज म्हणजे खडकीच्या मैदानातून आलेला आपल्या महाराष्ट्राचा माणूस. आबा ती बातमी आठवली की अजून तावातावाने बोलतात. २०१४ ला पुन्हा आशियाई सुवर्ण आलं आणि टेरी वॉल्श निघून गेले. त्यानंतर व्हॅन आस, ओल्टमन्स, मारिन, हरेंद्र सिंग. जानेवारी २०१९ पर्यंत चार जण आले नि गेले. मारिन यांना तर महिला संघातून पुरुष संघाकडे आणलं आणि काही महिन्यांत परत पाठवलं. प्रत्येकाची बचावाची पद्धत वेगळी, पेनल्टी कॉर्नरची रचना वेगळी. रशर आणि गोलकीपरची जोडी जमायला वर्षं लागतात, तिथे प्रशिक्षकच बहुतेकदा वर्षभर टिकत नव्हता.

हॉकी इंडिया लीगच्या लिलावाबद्दलही मला बोलायचं आहे. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे चार कोटी रुपये आणि चोवीस जागा होत्या, त्यात आठ परदेशी. हरमनप्रीतला ७८ लाख, अभिषेकला ७२, हार्दिकला ७०. पैसे मिळायलाच हवेत, हॉकीपटूंनी खूप वर्षं वाट बघितली आहे. रोहिदासला ४८ लाख मिळाले, याचा मला विशेष आनंद झाला. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव घडावर ठरतो, घडाला उभं धरणाऱ्या टेकूला कोणी मोजत नाही. लिलावात बहुतेकदा तेच होतं. या वेळी टेकूलाही थोडा भाव आला.

पण गोलकीपरच्या बाबतीत लिलावाचं गणित मला पटलं नाही. श्रीजेश निवृत्त झाला, सोळा नंबरची जर्सी हॉकी इंडियाने निवृत्त केली, देशाला नवा गोलकीपर घडवायचा होता. नेमक्या त्याच हंगामात संघांनी व्हानाश, डेव्हिड हार्ट, पिरमिन ब्लाक, डॅनेबर्ग असे परदेशी गोलकीपर उचलले. संघमालकाला जिंकायचं असतं, त्याचा राग नाही. पण गोलकीपर ही एकच जागा अशी आहे जिथे आत-बाहेर होत नाही. परदेशी उभा राहिला की आपला मुलगा साठही मिनिटं बाकावर. आघाडीत आठ परदेशी आले तरी भारतीयांना वेळ मिळतो, गोलमध्ये मिळत नाही. क्रिशन पाठक आणि आपला मुंबईचा सूरज करकेरा यांच्यामागे तिसरा, चौथा कोण? लीगने नियम करावा की साखळीतल्या निम्म्या सामन्यांत तरी भारतीय गोलकीपर खेळलाच पाहिजे. सामन्यांचा दर्जा थोडा उतरेल. उतरू दे.

आणि त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते, त्यात महाराष्ट्राचा एकही नाही. पूर्वी मुंबई मॅजिशियन्स होता, मग दबंग मुंबई, जो २०१७ ला अंतिम सामन्यापर्यंत गेला. आज वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा सातारा जिल्ह्यातल्या मुली देशासाठी खेळल्या आहेत. फलटणकडच्या गावांतून हे होतं, तर तापीकाठच्या गावांतून का होणार नाही? एखाद्या उद्योगसमूहाने मुंबई किंवा पुण्याच्या नावाने मुलींचाही संघ घेतला, तर निवड चाचणीसाठी माझ्या मुलींना रात्रीची गाडी पकडून जाता येईल. ओडिशातलं राउरकेला त्यांना परवडत नाही.

२०२६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक आहे. तेव्हा रोहिदास ३३ वर्षांचा असेल, लॉस एंजेलिसला ३५. आशिया चषकाच्या संघात त्याच्याबरोबर जुगराज होता, ही चांगली सुरुवात आहे. आता प्रो लीगच्या साध्या सामन्यांत, जिथे हरलं तरी काही बिघडत नाही, तिथे रोहिदासला बाकावर बसवून दुसऱ्याला पहिली धाव घ्यायला लावा. दोन-चार गोल खाऊ, चार शिव्या खाऊ. पण हे आत्ताच करायला हवं, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नव्हे.