नाही कुठे म्हणायचं

मंगळवार, रात्री

वहीचं पान आज परत आलं. बारा वाक्यं. शब्द बरोबर, काळ बरोबर, आणि सात ठिकाणी 'इक्के'भोवती लाल गोल. इक्के म्हणजे नॉर्वेजियन भाषेतलं नाही. पहिल्याच आठवड्यात शिकवलेला शब्द. तो लिहिता आला नाही असं नव्हे, त्याची जागा चुकली. बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मराठीत नाही शेवटी येतं. 'मी उद्या सकाळी तुझ्याबरोबर येत...' इथपर्यंत बोललं तरी काहीच ठरलेलं नसतं. पुढचा शब्द समोरच्याचा चेहरा बघून ठरवता येतो. नॉर्वेजियनमध्ये ही सोय नाही. 'यॅय कॉम्मेर इक्के', म्हणजे मी, येते, नाही, आणि मग त्यामागून उद्या, सकाळी, तुझ्याबरोबर. नकार आधी देऊन मोकळं व्हायचं. हेच बोचतंय. लाल गोलांपेक्षा जास्त.

शिवाय आपलं नाही माणसागणिक बदलतं: येत नाही, येत नाहीस, येत नाहीत. इक्के कधीच बदलत नाही. ते फक्त हलतं.

कुठून कुठे हलतं, ते आज नीट लिहूनच काढते.

मुख्य वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद दुसऱ्या जागी. दुसरा शब्द नव्हे, दुसरी जागा. 'ई दाग' म्हणजे आज. शब्द दोन, पण जागा एकच. म्हणून 'ई दाग कॉम्मेर यॅय इक्के': आज, येते, मी, नाही. वाक्य आज-उद्यापासून सुरू झालं की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो आणि इक्के त्याच्याही मागे. इथे एकही गोल नाही.

सहायक क्रियापद आलं की गडबड होते. 'यॅय हार इक्के स्पिस्त', मी जेवले नाही. इक्के 'हार'नंतर, पण 'स्पिस्त'च्या आधी. मराठी कान आधी जेवण उरकतो आणि मग नाही म्हणतो. दोन गोल इथले.

मग सर्वनामं. 'यॅय सो इक्के लॅरेरेन', मी शिक्षिकेला पाहिलं नाही. इथे नाम इक्केच्या मागे. पण 'तिला' म्हणायचं तर 'यॅय सो हेन्ने इक्के'. जोर नसलेलं छोटं सर्वनाम इक्केच्या पुढे सरकतं. जोर दिला, म्हणजे तिला नाही, दुसऱ्याच कुणाला पाहिलं असं म्हणायचं असलं, की ते परत मागे जातं. आणि 'हार' आलं की सरकणं बंद: 'यॅय हार इक्के सेत हेन्ने'. पाहणं, म्हणजे 'सेत', इक्केच्या मागेच राहिलं, जागचं हललं नाही, तर तिलाही हलता येत नाही. तीन गोल.

उरलेले दोन गोल मात्र रात्री साडेदहापर्यंत पुरले. 'फॉर' आणि 'फोर्दी', दोन्हींचा अर्थ कारण. 'फॉर यॅय कॉम्मेर इक्के', पण 'फोर्दी यॅय इक्के कॉम्मेर'. एक अक्षर वाढलं आणि नाही क्रियापदाच्या पुढे जाऊन बसलं. फॉर दोन स्वतंत्र वाक्यं जोडतं, फोर्दी दुसऱ्या वाक्याला पहिल्याच्या आधाराला ठेवतं. आधाराला ठेवलेल्या वाक्यात इक्के क्रियापदाच्या आधी. त्यात भर म्हणजे, बोलताना 'तो म्हणाला की...' यानंतर नॉर्वेजियन माणसंही पुष्कळदा मुख्य वाक्याचाच क्रम ठेवतात. ध्वनिफितीत ते ऐकू येतं, तेच वहीत उतरतं, आणि त्यावर गोल पडतो. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बाईंना 'दू' म्हणायचं, म्हणजे सरळ 'तू'. त्याबद्दल आज नको.

तक्ता करायचा. कागद आडवा, रकाने सात: पहिली जागा, काळाचं क्रियापद, कर्ता, इक्के, दुसरं क्रियापद, कर्म, शेवटी स्थळ-काळ. डॅनिश व्याकरणकार पाउल दिदेरिक्सेन यांनी १९४६ साली ज्या प्रकारची मांडणी केली, तिचंच हे घरगुती रूप. छोटं सर्वनाम कर्त्याच्याच रकान्यात, कर्त्याला चिकटून लिहायचं. आधाराच्या वाक्याला दुसरा तक्ता: जोडशब्द, कर्ता, इक्के, मग क्रियापदं. दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यात कोंबली की इक्केचा रकाना चुकतोच. आजवर तेच चाललं होतं.

दुसऱ्या तक्त्यात 'मी आले नाही म्हणून' भरायला घेतलं. मराठी वाक्य शेजारी लिहिताना हात आपोआप लिहून गेला: 'मी न आल्यामुळे'.

न आल्यामुळे. न सांगता. न जेवता. आणि 'ती आली नाही', पण 'ती नाही आली तर'.

म्हणजे आपल्याकडेही आहे. स्वतंत्र वाक्यात नकार क्रियापदाच्या मागे, आधाराला ठेवलेल्या वाक्यात पुढे. आपण शब्दही बदलतो, नाहीचं न करतो. ते शब्द तोच ठेवतात. पण हालचाल तीच. इतकी वर्षं ही उडी तोंडातून बिनचूक पडते आहे आणि ती उडी आहे हेच ठाऊक नव्हतं. संध्याकाळपासून वाटत होतं की ही भाषा आपल्या तोंडाला परकीच राहणार. तसं असायचं कारण नाही. ऑस्लोकडच्या उच्चारात तर 'र'नंतरचा 'न' चक्क ण होतो: मूल या अर्थाचा 'बार्न' ऐकू येतो 'बाण'. नॉर्वेजियन स्वतःला 'नॉष्क' म्हणते, त्यातला ष आपलाच. बर्गनकडे तसं होत नाही, तिथे र घशातून येतो.

आणि क्रमाची सवय त्यांनाही सुटत नाही. बावीसला ते पूर्वी आपल्यासारखंच दोन-आणि-वीस म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोळ होऊ नये म्हणून संसदेने क्रम उलटवला, १९५१च्या जुलैपासून वीस-दोन झालं. जुना क्रम अजून ऐकू येतो. सत्तर वर्षांहून जास्त झाली. मला तीनच महिने झालेत.

नकार आधी द्यावा लागतो, ते बोचणं तसंच आहे. फोर्दीची वाक्यं मात्र पुन्हा लिहिली, दोन्ही बसली. 'हेन्ने'ला मराठीत जोड सापडत नाही. 'मी तिला पाहिलं नाही' आणि 'मी शिक्षिकेला पाहिलं नाही', दोन्हींत आपलं नाही जागचं हलत नाही. तिथे कान तयार करण्यावाचून इलाज नाही. उद्या वीस जोड्या, आधी नाम घालून, मग तेच वाक्य सर्वनाम घालून, मोठ्याने.